गास्पारला आपला म्हणावे काय?



गेल्या हनुक्काच्या सुटीत मुलांच्या वर्गासाठी एक मोठा तक्ता करायचे ठरले. विषय मुलांनीच निवडला : हिंदुस्थानचा किनारा आणि ज्यू. आपली येथे घरे ती किती, आणि वर्गाला स्वतःची खोली नाही, तेव्हा कागद आमच्याच जेवणाच्या टेबलावर पसरला होता. बाहेर व्हँकुव्हरचा नेहमीचा पाऊस, आत सातआठ मुले आणि रंगपेट्या. नवगावचे फुटलेले गलबत आले, किनाऱ्याला लागलेली सात जोडपी आली, तेलाचा घाणा आणि 'शनिवार तेली' आले, दावीद राहाबी आले, सॅम्युअल दिवेकर व त्यांनी मुंबईत बांधलेली मशीद आली. एवढ्यात एका बारा वर्षांच्या मुलाने लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकातून एक नाव शोधून काढले आणि ते दिवेकरांच्या अगदी शेजारी निळ्या पेन्सिलीने लिहून टाकले : 'गास्पार द गामा. पोझनानचा ज्यू. वास्को द गामाचा दुभाष्या.' खाली तीन शिडांचे एक झोकदार जहाजही काढले.

संध्याकाळी नातवाला न्यायला आमच्यातले एक वयोवृद्ध मामा आले. चष्मा वर करून त्यांनी तक्ता वाचला आणि त्या नावापाशी थांबले. म्हणाले, "बाई, हे खोडा. ज्याने धर्म सोडला आणि फिरंग्यांना आपल्या किनाऱ्याची वाट दाखवली, तो माणूस दिवेकरांच्या मांडीला मांडी लावून बसवता होय?" मुलाचा चेहरा पडला. मी म्हटले, "मामा, आजच्या दिवस राहू द्या. मी जरा वाचते, मग सांगते." जन्मभर वर्गात उत्तर येत नसले की मी हेच वाक्य वापरले आहे. ह्या वेळी मात्र खरेच वाचले. हा लेख म्हणजे मामांना द्यायचे उत्तर. ते मला पुरते साधले आहे असे नाही.

पोझनान हे नाव वाचून मी चमकले होते, कारण ते गाव मी पाहिलेले आहे. २०१७च्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला कामानिमित्त तेथे जावे लागले. पोझनान हे पोलंडमधले व्यापारी प्रदर्शनांचे गाव. ती म्हणाली, "आई, मी दिवसभर कामात असेन, तू गाव बघ." अशी मी चार दिवस एकटी फिरले, हातात नकाशा आणि पिशवीत चिवड्याची पुडी.

वार्ता नदीच्या पात्रात एक बेट आहे, त्यावर कॅथीड्रल. पोलंडचा म्येष्को नावाचा राजा ९६६ साली ख्रिस्ती झाला आणि दोनच वर्षांत येथे देशातल्या पहिल्या बिशपची गादी आली. तो आणि त्याचा मुलगा बोलेस्लाव्ह ह्यांची दफने ह्याच देवळातली. १२५३ साली नदीच्या पश्चिम तीरावर नवे शहर आखले गेले : मधोमध चौक आणि चौकाच्या कोपऱ्यांतून सरळ निघणारे रस्ते, सारे आखून रेखून. चौकातल्या नगरभवनाची तळघरे त्या जुन्या काळची आहेत. वरची सुंदर कमानींची इमारत मात्र १५३६च्या आगीनंतर जोव्हान्नी बात्तिस्ता क्वाद्रो नावाच्या इटालियन कारागिराने १५५० ते १५६० ह्या दहा वर्षांत उभारली. रोज दुपारी बाराला घड्याळावरच्या दारातून दोन लोखंडी बोकड बाहेर येतात आणि एकमेकांना बारा टकरा देतात. गोष्ट अशी सांगतात की, मेजवानीसाठी ठेवलेले हरणाचे मांस आचाऱ्याच्या हातून जळले, घाबरून त्याने दोन बोकड पळवून आणले, ते सुटून नगरभवनाच्या कट्ट्यावर चढले आणि साऱ्या गावासमोर टकरी खेळू लागले. शाळेची मुले टकरा मोठ्याने मोजत होती. मीही मराठीत मोजल्या. बारा भरल्या.

हा चौक पाहून डोळे निवतात, पण तो पुष्कळसा पुन्हा बांधलेला आहे. १९४५च्या लढाईत जुने गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले होते. पोलिश लोकांनी जुनी चित्रे आणि नकाशे समोर ठेवून ते उभे केले. त्यांना शाबासकीच दिली पाहिजे. चौकातून ईशान्येकडे निघणाऱ्या रस्त्याचे नाव आजही 'ज्यू गल्ली' असेच आहे. नाव राहिले आहे, वस्ती नाही. तेथून थोड्या अंतरावर १९०७ साली उघडलेले मोठे सिनॅगॉग. जर्मनांनी १९४० साली त्याचा घुमट उतरवला आणि आत सैनिकांसाठी पोहण्याचा तलाव केला. लढाई संपली, जर्मन गेले, तलाव राहिला. २०११पर्यंत गावातली मुले तेथे पोहायला शिकत होती. मी गेले तेव्हा दार बंद होते. मी पायरीवर उभी राहून शेमा म्हटले आणि परतले. जेथे सेफेर तोराचा हेखाल असेल तेथे क्लोरीनच्या पाण्याचा वास असणे, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे. मला त्यावर लिहिता येत नाही.

आता त्या बारा वर्षांच्या मुलाच्या माणसाकडे वळते.

वास्को द गामाची गलबते कालिकतहून परत निघाली ती सप्टेंबर १४९८मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटाला लागली. हे बेट आज गोव्याच्या हद्दीत मोडते. एक गलबत किनाऱ्यावर ओढून त्याचा तळ साफ करणे चालले होते. तेथे चाळिशीचा एक माणूस होडीतून आला. अंगात तलम कापड, डोक्याला पागोटे, कमरेला तलवार. त्याने कप्तानांना मिठ्या मारल्या आणि व्हेनिसच्या बोलीत सांगितले की, मी पश्चिमेकडचा ख्रिस्ती, लहानपणी इकडे आलो, बड्या सरदाराच्या पदरी आहे. तो बोलत असतानाच त्याच्याबरोबर आलेल्या माणसांकडे चौकशी झाली आणि तो टेहळणीसाठी आला असल्याचे उघड झाले. मग त्याला त्या ओढलेल्या गलबतापाशी नेऊन फटके मारण्यात आले. त्या सफरीची पोर्तुगीज रोजनिशी हे सारे थंडपणे नोंदवते. पुढच्या बखरकारांनी छळाची वर्णने अधिक रंगवली. आपण कोण, कोणाचे, हे त्याने एकदम सांगितले नाही, थोडे थोडे करून सांगितले. तो ज्यू होता आणि विजापूरच्या आदिलशहाचा, म्हणजे त्या वेळच्या गोव्याच्या धन्याचा, नोकर होता. तो स्वतःच लढाऊ गलबते घेऊन चालून येणार होता, असेही त्याच्याकडून काढून घेण्यात आले. त्याला जहाजावर घालून लिस्बनला नेले. बाप्तिस्मा झाला. नाव गास्पार, आणि आडनाव ज्याने फटके मारवले त्याचेच : द गामा.

पोझनानचे काय? बारूश नावाचा बखरकार सांगतो की, त्याचे आईबाप पोझनानचे. पोलंडच्या राजाने ज्यूंना 'ख्रिस्ती व्हा किंवा चालते व्हा' असे फर्मावले तेव्हा ते जेरुसलेमला आणि तेथून अलेक्झांड्रियाला गेले, तेथे हा जन्मला. दुसरा एक बखरकार त्याला स्पेनमधल्या ग्रानादाचा ठरवतो. मला शिक्षकी सवयीने पोलंडचा इतिहास ताडून पाहावासा वाटला. पोझनान ज्या प्रांताची राजधानी, त्या प्रांताच्या बोलेस्लाव्ह नावाच्या धर्मशील ड्यूकने १२६४ साली ज्यूंना सनद दिली होती. ती फार उदार होती. रात्री ज्यू शेजारी मदतीसाठी ओरडला आणि ख्रिस्ती शेजारी धावून गेला नाही तर त्याने दंड भरावा, असे कलमदेखील तीत आहे. पुढे १४५३ साली राजा कॅझिमिर चौथा ह्याने ज्यूंच्या सवलती पुन्हा मान्य केल्या आणि धर्मगुरूंच्या व सरदारांच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी त्या काढून घेतल्या. साऱ्या ज्यूंना पोलंडमधून घालवल्याचा हुकूम त्या काळात आढळत नाही. परंतु ज्या वर्षी राजाने दिलेले संरक्षण राजाच परत घेतो, त्या वर्षी शहाणा माणूस बोचके बांधतो, हे आपल्यापैकी कोणाला समजावून सांगायला नको. १४९८ साली गास्पार चाळिशीचा होता हे धरले तर हिशेब बराच जमतो. म्हणून मी त्याला पोझनानचा मानते. पोलंडमधून निघालेल्या कित्येक ज्यू घराण्यांनी 'पोझनर' असे आडनाव लावले, म्हणजे आपल्या भाषेत पोझनानकर. आपल्या ह्या शहराला ज्याचे नाव आहे त्या कप्तान व्हँकुव्हरचे आडनावसुद्धा मुळात हॉलंडमधल्या कोवोर्डेन गावावरून आलेले, कोवोर्डेनकर म्हणा. दिवेआगरचे ते दिवेकर, किहीमचे ते किहीमकर. गावाचे नाव गळ्यात बांधून जगभर हिंडणारे आपण एकटे नाही. गास्पारच्या आईबापांनी ठेवलेले नाव मात्र आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. राजा मानुएलची त्याच्यावर मर्जी बसली. मार्च १५००मध्ये काब्रालच्या ताफ्याबरोबर तो दुभाष्या म्हणून निघाला. हा ताफा वाटेत ब्राझीलला लागला आणि मग कालिकत व कोचीनला आला. परतताना आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची गाठ आमेरिगो व्हेस्पुचीशी पडली. ज्याच्या नावावरून आपण राहतो त्या खंडाला अमेरिका म्हणतात तोच हा. गास्पारला किती भाषा येतात आणि पूर्वेकडचे किती ठाऊक आहे, ह्याचे त्याने १५०१च्या पत्रात कौतुक केले आहे. १५०२ साली गास्पार पुन्हा वास्को द गामाबरोबर आला. त्याच सफरीत गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे एक जहाज मलबारच्या किनाऱ्याजवळ बायकामुलांसकट जाळले. १५०५ साली अल्मैदाबरोबर पुन्हा एकदा. १५१०च्या सुमारास त्याचे नाव कागदांतून नाहीसे होते. ह्याच वर्षी अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला.

आणि १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले. त्याचा बळी कोण तर गार्सिया द ओर्ता. बाटवलेल्या ज्यू घराण्यातला हा थोर वैद्य आपल्या देशातल्या औषधी झाडांवर ग्रंथ लिहून १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. मामांच्या रागाचे मूळ येथे आहे आणि ते मी खोटे म्हणणार नाही. ज्या वाटेने ही आग आपल्या किनाऱ्यावर आली, त्या वाटेवर कंदील धरून एक ज्यू उभा होता.

तरीही खोडरबर घेण्यापूर्वी दोन कैद्यांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून पाहू. दिवेकरांची हकिकत आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. कंपनीच्या पलटणीतले हे अंमलदार टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैद्यांना जातधर्म विचारला जात होता. ह्यांनी 'बेने इस्राएल' असे उत्तर दिले. तेव्हा टिपूची आई म्हणाली की, बनी इस्राईल हे नाव कुराणात वाचले, पण असा माणूस कधी डोळ्यांनी पाहिला नाही, ह्याला मारू नका. सुटका झाल्यावर नवस फेडायला त्यांनी १७९६ साली मुंबईत शाअर हारहमीम ही मशीद बांधली. ज्या रस्त्याला पुढे सॅम्युअल स्ट्रीट म्हणू लागले तीच ही. मशीद बंदर स्टेशनचे नावही तिच्यावरूनच पडले, असे आमच्या माझगावच्या शाळेत गुरुजी छाती फुगवून सांगत.

आता विचार करा. दिवेकरांनी खरे सांगितले आणि खऱ्याने त्यांना तारले. अंजदीवच्या वाळूवर गास्पारने खरे सांगितले असते तर? त्याच्यासमोर उभे असलेले लोक ज्या देशातून आले होते त्या देशाच्या राजाने डिसेंबर १४९६मध्ये ज्यूंना बाहेर काढण्याचे फर्मान काढले आणि १४९७ साली बाहेर पडू न देता हजारोंना जबरीने बाप्तिस्मा दिला. ज्या ताऱ्यांच्या कोष्टकांवर विसंबून वास्को द गामा दर्या ओलांडून आला ती कोष्टके करणारा ज्योतिषी अब्राहाम झाकुतो हा ज्यूच. त्यालाही तोच देश सोडून ट्युनिसला पळावे लागले. अशा माणसांपुढे 'मी ज्यू' म्हणणे म्हणजे काय, हे व्हेनिसच्या बोलीत बोलणाऱ्या त्या जगभर फिरलेल्या माणसाला चांगले कळत असणार. दोन्ही कैदी आपल्याच लोकांतले, दोघांनाही तोच प्रश्न, तू कोण? एकाला समोर दयाळू म्हातारी भेटली, दुसऱ्याला चाबूक. जी म्हातारी दिवेकरांच्या नशिबी होती तिचे श्रेय आपण दिवेकरांच्या खात्यावर जमा करतो, आणि चाबकाचा दोष गास्पारच्या खात्यावर. हे मला पटत नाही. दिवेकरांचे मोठेपण मी कमी करत नाही. त्यांचे मोठेपण सुटल्यानंतर नवस आठवण्यात आहे. सुटल्यावर आठवणारे थोडे.

येथे रामबाम उपयोगी पडतात. हे तेच रामबाम ज्यांनी एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे की, त्यांना तोराचे ज्ञान नाही, शब्बाथ आणि सुंता एवढेच ते पाळतात. हे आपल्याविषयीच असे आपले जाणते लोक मानत आले. त्यांचा भाऊ दावीद व्यापारासाठी हिंदी महासागरात गेला तो बुडालाच. रामबामांच्या स्वतःच्या तरुणपणी स्पेन व मोरोक्कोमध्ये ज्यूंवर 'धर्म बदला नाही तर मरा' अशी वेळ आली. तेव्हा एक पंडित म्हणू लागला की, जिवाच्या भीतीने ज्याने नुसती जीभ हलवली तोही बाटला, त्याची प्रार्थना देवाकडे पोचत नाही. रामबामांनी ह्यावर एक सविस्तर पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ माझ्या शब्दांत सांगते. सक्तीने जे वदवून घेतले त्याबद्दल माणसाला शिक्षा नाही. त्याने घरात गुपचूप पाळलेली एकेक मित्स्वाही जमेस धरली जाईल. परंतु वाट मोकळी झाली की त्या मुलखातून निघून जावे. निघता येत असून जो पैशासाठी वा घरादारासाठी राहतो, त्याला मग सक्तीची सबब नाही.

हे माप हातात घेतले की फटक्यांखाली बोललेला गास्पार सुटला. लिस्बनमध्ये पाण्याखाली डोके धरलेला गास्पारही सुटला. तेथे त्याला कोठे जायला जागाच नव्हती. मामांनी म्हटले 'धर्म सोडला', पण त्याने सोडला नाही, तो त्याच्या हातून हिसकावला. एवढ्यापुरती मी मामांशी उघड असहमत आहे.

अडचण कोचीनला येते. १५००च्या अखेरीस काब्रालची गलबते कोचीनला लागली. कोचीनचा राजा ज्यूंना छळणारा नव्हता. तेथे ज्यू होते, सिनॅगॉग होते. आणि, बखरकार सांगतात, गास्पारची बायको तेथे होती. ती ज्यू होती, तोरा जाणणारी होती. तिने ख्रिस्ती व्हावे म्हणून गास्पारने तिचे मन वळवून पाहिले. ती बधली नाही. गलबते जानेवारी १५०१मध्ये निघाली तेव्हा तो त्यांवर होता. १५०२ साली तो पुन्हा आला आणि पुन्हा गेला.

ह्या जागी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. सबबी मी स्वतःच शोधल्या. त्याच्यावर पहारा असेल. पळाला तर फिरंगी तिच्यावर सूड घेतील अशी भीती असेल. राजाने पगार व मान दिला होता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा नव्याने कोठे सुरुवात करायची? आणि शेवटची सबब अशी की, दोन वर्षे गास्पार म्हणून हाक ऐकता ऐकता तो खरेच गास्पार झाला असेल. ह्या साऱ्या सबबी मला इतक्या भराभर सुचल्या की माझा मलाच संशय आला. त्याचे कारण सांगते, आणि मामांनी हे वाचावे अशी इच्छा आहे.

व्हँकुव्हरला आल्यावर शिक्षिकेचा परवाना हाती येईपर्यंत मी एका लहानशा कचेरीत हिशेब लिहीत असे. कचेरीचे नाव सांगत नाही. मालक स्वभावाने वाईट नव्हते. माझे आडनाव 'कर'मधले, कपाळाला टिकली नसली तरी नेसायला साडी. त्यांनी मला हिंदू धरले आणि मी खोडून काढले नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाबरोबर त्यांचा ज्यूंवर विनोद झाला, पैशाबद्दलचा तो नेहमीचा. दोघे हसले आणि माझ्याकडे पाहिले. मी हसले. घरी नवऱ्याला नोकरी नव्हती, मुलगी चार वर्षांची. त्या हसण्याचे मला आज काही वाटत नाही. रामबामही मला सोडतील.

पण मी तेथे पाच वर्षे होते. दुसऱ्या वर्षी नवऱ्याला नोकरी लागली. तिसऱ्या वर्षी माझा पगार वाढला आणि माझ्यावाचून त्यांचे पान हलेना. तेव्हा एक वाक्य बोलणे काहीच कठीण नव्हते. किपूरला मी 'अंगात कणकण आहे' असे सांगून रजा घेई. पाचही किपूर. एकदा ओक स्ट्रीटवर मी शब्बाथच्या कपड्यांत प्रार्थनेला जात असताना मालकांची गाडी सिग्नलला उभी दिसली, तर मी बसथांब्याच्या आडोशाला झाले. चाबूक कोणाच्याही हातात नव्हता. परवाना मिळाल्यावर मी नोकरी सोडली, त्यांनी मला पेनांचा जोड भेट दिला, आणि त्या दिवशीही मी सांगितले नाही. ते पुढे वारले. आता सांगायला कोणी नाही.

माझी गोष्ट गास्पारच्या तोलाची नाही हे उघड आहे. माझ्या गप्प बसण्याने कोणाचे जहाज जळले नाही. त्याच्या भाषाज्ञानाच्या मदतीने चाललेल्या ताफ्याने जाळले. तो त्या वेळी काय म्हणाला, काही म्हणाला का, हे फिरंग्यांनी लिहिले नाही, आणि फिरंग्यांनी लिहिले तेवढेच आपल्याजवळ आहे. म्हणून मी त्याला निर्दोष म्हणत नाही. कोचीनपर्यंत तो छळ झालेला माणूस आहे. कोचीननंतर तो नोकर आहे, आणि नोकरीत जे जे घडले त्याचा वाटा त्याच्याकडे जातो. मामांचा राग मी अंजदीवहून उचलून कोचीनला ठेवते, इतकेच. पण 'आपला' म्हणण्याचा प्रश्न ह्याहून वेगळा आहे. आपण ज्याचा अभिमान धरावा तो आपला, असा हिशेब मामांच्या मनात आहे आणि त्या मुलाच्याही मनात आहे. म्हणून एक खोडायला निघाला आणि दुसऱ्याने झोकदार जहाज काढले. घरात असा हिशेब चालत नाही. दारू पिणारा चुलता फोटोत नसला तरी त्याच्यासाठीही काद्दीश म्हणावेच लागते. गास्पार ज्यू म्हणून पकडला गेला, ज्यू म्हणून मार खाल्ला, आणि ज्यू बायकोसमोर खाली मान घालून उभा राहिला असेल तर ती मानही ज्यूचीच. त्याला खोडले तर ती बाईही खोडली जाते, आणि ती तर साऱ्या हकिकतीत एकटीच जागची हलली नाही.

पुढच्या रविवारी मी हे सारे मुलांना त्यांना समजेल अशा रीतीने सांगितले. जहाज जाळल्याचेही सांगितले. माझ्या कचेरीचे सांगितले नाही, ते येथेच प्रथम लिहिते आहे. मुलाने ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, त्याच्या बायकोचं नाव काय होतं?" मी म्हटले, ते मला पुस्तकात मिळाले नाही. त्याने थोडा वेळ पेन्सिल चावली. मग दिवेकरांच्या शेजारचे नाव खोडले आणि तक्त्याच्या अगदी खाली, कोचीनपाशी, पुन्हा लिहिले. जहाज किनाऱ्यापासून थोडे दूर काढले. किनाऱ्यावर एक घर काढले, घराच्या दारात एक बाई. तिच्या डोक्यावर नाव लिहायला जागा कोरी ठेवली आहे.

मामा त्या संध्याकाळी आले, चष्मा वर करून त्यांनी तो कोपरा पाहिला, आणि चहात आले घातले आहे का म्हणून विचारले.